इंग्लंडमध्ये प्रदेशांना अधिकार दिल्याने स्थानिक अर्थव्यवस्था खरंच न्याय्य आणि पर्यावरणपूरक होते का?

होते, पण अधिकार नेमके कशाचे मिळतात यावर सगळं अवलंबून आहे.

मँचेस्टर शहर आणि आसपासचा भाग मिळून झालेला ग्रेटर मँचेस्टर हा प्रदेश घ्या. 2017 च्या बस सेवा कायद्याने महापौर असलेल्या प्रदेशांना बसचे मार्ग, वेळा आणि भाडं ठरवण्याची वाट मोकळी झाली. सप्टेंबर 2023 पासून तिथल्या बस टप्प्याटप्प्याने सार्वजनिक नियंत्रणाखाली आल्या आणि जानेवारी 2025 मध्ये ते काम पूर्ण झालं. गाडी नसलेल्या माणसाला कामावर पोहोचता येणं आणि रस्त्यावरचा धूर कमी होणं, दोन्ही एकाच निर्णयातून साधतं. मला हे फार मोलाचं वाटतं.

प्रेस्टन या इंग्लंडमधल्या शहराने तर नव्या अधिकारांची वाटही पाहिली नाही. नगर परिषद, पोलिस, महाविद्यालय अशा संस्थांनी आपली खरेदी स्थानिक पुरवठादारांकडे वळवली. त्यांच्या खर्चातला शहरातच राहणारा वाटा 2012-13 मधल्या 5 टक्क्यांवरून 2016-17 मध्ये 18 टक्क्यांवर गेला.

खरी अडचण पैशाची. स्थानिक संस्थांच्या हाती मुख्यतः कौन्सिल टॅक्स (घरांवरचा स्थानिक कर) आणि व्यवसाय कराचा काही हिस्सा असतो. बाकी केंद्राच्या अनुदानावर. जुन्या घरांचं इन्सुलेशन, म्हणजे उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून भिंती-छताला थर लावणं, हे अनेक वर्षांचं काम आहे, ते तुकड्यातुकड्याने येणाऱ्या निधीवर चालत नाही.