रात्रपाळीनंतर झोप येत नाही

प्रश्न : माझे पती पुण्यात १०८ रुग्णवाहिकेवर चालक आहेत. पाळ्या सतत बदलतात. रात्रपाळीनंतर झोप लागत नाही, ॲसिडिटीही वाढली आहे. काय करावे? – एक वाचक, हडपसर

उत्तर : ताई, पोटभर जेवण पाळीआधीच व्हावे. मध्यरात्रीनंतर पचन मंदावते. तेव्हा वडापाव नको, केळे किंवा मूठभर फुटाणे पुरेत. खरा चोर म्हणजे पहाटेचा चहा. कॅफिनचा निम्मा अंश साधारण ५ तासांनीही अंगात असतो, म्हणून झोपेआधी ६ तास चहा बंद. पहाटे ३ ते ५ मध्ये पेंग सर्वाधिक येते. कॉल नसेल तर २० मिनिटे झोपावे, पण उठल्याउठल्या स्टिअरिंग धरू नये. घरी जाड पडदे लावा, मोबाइल दुसऱ्या खोलीत. जळजळीबरोबर घाम किंवा डाव्या हातात कळ आली, तर ती ॲसिडिटी समजू नका. लगेच ईसीजी काढा.