मांडवीतला कॅसिनो आणि टॅक्स

प्रश्न : गोव्याला कॅसिनोत गेलो, हरलो, तरी म्हणे टॅक्स भरलाच! हे कसं काय?

उत्तर : अहो, तिथं टॅक्स जिंकण्याहरण्यावर नाही, चिप्स (पैशांऐवजी खेळायला घ्यायची नाणी) घेतानाच लागतो. 1 ऑक्टोबर 2023 पासून चिप्सच्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी होता, सप्टेंबर 2025 मध्ये तो 40 झाला, म्हणजे 10 हजारांच्या चिप्सवर 4 हजार सरकारचे, अर्धे केंद्राला न् अर्धे गोव्याला, पत्ते वाटायच्या आधीच. जिंकलात तर वर 30 टक्के इन्कम टॅक्स, आणि त्यातनं हरलेले पैसे वजा करता येत नाहीत (हे मात्र जरा जास्तच). गंमत म्हणजे महाराष्ट्रानं 1976 सालीच कॅसिनोला परवानगी देणारा कायदा केला, लागू कधी केलाच नाही, 2023 ला रद्द! म्हणून तर आपली पब्लिक पणजी गाठते आणि हॉटेल-टॅक्सीचा धंदाही तिकडंच जातो.