रात्री उसाला पाणी धरताना डोक्यावर लावायची बॅटरी घरी कशी बनवावी?

शेतीपंपाची वीज रात्रपाळीला आली की एका हातात बॅटरी धरून दुसऱ्या हाताने खोरे चालवणे जमत नाही, म्हणून डोक्यावर बसेल असा दिवा घरी कसा करावा, असे आपण विचारले आहे. मी असा दिवा करून तीन हंगाम वापरला आहे. माझ्या मते या कामाला प्रखर उजेडापेक्षा पसरट उजेड आणि डोक्याला न जाणवणारे वजन जास्त महत्त्वाचे आहे.

एक वॉटची, पिवळसर उजेडाची (३००० केल्विन) एलईडी घ्यावी; पांढऱ्याशुभ्र उजेडापेक्षा तिच्यावर किडे कमी येतात, आणि उसात वाकून सरीचे तोंड फोडताना तोंडावर येणारे किडे किती छळतात, हे आपण अनुभवले असेलच. भिंग ६० अंशांचे असावे, म्हणजे पायाजवळची सरी आणि शेजारचा वरंबा एकाच वेळी दिसतो. माझी पहिली एलईडी मी प्लास्टिकच्या झाकणात नुसती चिकटवली होती. उष्णतेला वाट न मिळाल्याने ती त्याच रात्री गेली. तेव्हापासून मी ती ॲल्युमिनियमच्या जाड पट्टीवर बसवतो आणि पट्टीची कड बाहेर उघडी ठेवतो.

विजेसाठी १८६५० आकाराचा एक लिथियम सेल पुरतो. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्ट देतो आणि एलईडीला साधारण ३.२ व्होल्ट लागतात. उरलेला एक व्होल्ट ३.३ ओहमच्या, एक वॉटच्या रेझिस्टरवर पडला की प्रवाह ३०० मिलिअँपिअरच्या आसपास राहतो, आणि २५०० मिलिअँपिअर-तासांचा सेल, उजेड हळूहळू मंदावत का होईना, रात्रभराची पाळी काढतो. चार्जिंगसाठी टीपी४०५६ची पट्टी (लिथियम सेल भरणारे छोटे तयार सर्किट) घ्यावी, मात्र सेलसाठी दोन आणि दिव्यासाठी वेगळी दोन टोके असलेलीच, कारण सेल फार उतरण्याआधी तीच दिवा तोडते. सेलला थेट सोल्डर कधीही लावू नये. तापलेला लिथियम सेल पेट घेऊ शकतो, म्हणून होल्डरच वापरावा. जुन्या लॅपटॉपमधून काढलेला सेल २.५ व्होल्टच्या खाली गेलेला असेल, तर त्याचा मोह सोडावा.

सेल कपाळावर न ठेवता डोक्याच्या मागच्या बाजूस रुंद इलॅस्टिकवर शिवावा, म्हणजे वाकल्यावर दिवा डोळ्यांवर घसरत नाही. बटणावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून बसवला की दव आत जात नाही.

एक गोष्ट मात्र जिवाची आहे. डोक्यावरचा दिवा डोळ्यांच्या अगदी जवळ असल्यामुळे वस्तूची सावली तिच्यामागेच दडते आणि बांधावरचे खाचखळगे, तसेच पाचटात पडलेली मण्यार किंवा घोणस, सपाट जमिनीसारखीच भासते. म्हणून एका सरीवरून दुसरीकडे चालत जाताना मी कमरेच्या उंचीवर धरलेली साधी हातबॅटरीही लावतो. तिच्या आडव्या उजेडात लहान ढेकळाचीसुद्धा लांब सावली पडते.