निळ्या डॅमसेलची हद्द

प्रश्न : १२० लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत पिवळ्या शेपटीचा निळा डॅमसेल मासा आठ महिने एकटाच आहे. गेल्या आठवड्यात फायरफिश नावाचा मासा सोडला, तेव्हापासून डॅमसेल त्याच्या मागे लागलाय. फायरफिशची शेपटी फाटलीय, तो पंपामागे दडून बसतो. डॅमसेल देऊन टाकावा का?

उत्तर : इतक्यात नको, पण फायरफिशला आजच वेगळं करा. मारापेक्षा उपासमार जास्त घातक. भेदरलेला मासा खायला बाहेरच येत नाही आणि काही दिवसांत खंगतो.

प्रवाळातला डॅमसेल एखादी कपार धरून राहतो आणि तिच्यासमोरून वाहत येणारं अन्न टिपतो. कपार गेली तर आसरा आणि जेवण दोन्ही गेलं, म्हणून तो भांडतो. समुद्रात हरलेला मासा दूर पळतो आणि प्रकरण मिटतं. टाकीत पळायला जागाच नाही, आणि आठ महिन्यांत तुमच्या माशाने अख्खी टाकी आपली मानली आहे. त्याच्या कपारीसमोर बारकाईने बघा : परक्याकडे झेपावण्याआधी तो पर ताठ करून त्याच्यासमोर अंगाची बाजू करून आडवा होतो. कान दिलात तर कधीकधी टक-टक असा आवाजही येतो.

भोकं पाडलेला पारदर्शक प्लास्टिकचा डबा टाकीतच काचेला लावा. भोकं साधारण ५ मिलिमीटरची हवीत, म्हणजे पाणी खेळतं राहतं. आत पाइपचा छोटा तुकडा ठेवून फायरफिश त्यात सोडा. मग डॅमसेल पकडा. जाळं घेऊन मागे लागू नका. एकदा निसटला की पुढच्या वेळी तो खडकात शिरून बसतो. दोन लिटरच्या पारदर्शक बाटलीचा गळ्याकडचा भाग कापून उलटा आत बसवा, एक दिवस खाणं बंद ठेवा आणि बाटलीत मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव, माशांचं खाद्य) टाका. तो आत शिरला की दोघांची अदलाबदल करा : डॅमसेल डब्यात, फायरफिश मोकळा.

त्याच वेळी खडकांची मांडणी बदला. नुसते सरकवू नका, जुनी कपार मोडलीच पाहिजे. सात दिवसांनी दिवे मालवल्यावर डॅमसेल सोडा आणि दुसऱ्या दिवशी दोन टोकांना एकाच वेळी खाणं टाका. थोडा पाठलाग होईल, तो चालतो. चावे सुरू राहिले किंवा फायरफिश दोन दिवस खायला आला नाही, तर मात्र डॅमसेलसाठी दुसरी टाकी शोधा. तो समुद्रात कधीही सोडू नका.

फाटलेली शेपटी स्वच्छ पाण्यात आपोआप भरून येते, औषध नको. फायरफिश घाबरला की उडी मारतो, त्यामुळे टाकीवर बारीक जाळीचं झाकण हवंच.

प्रश्न : डॅमसेल एकटा पडतो म्हणून चिडतो का? जोडीदार आणावा का?

उत्तर : नाही. एवढ्या टाकीत दुसरा डॅमसेल म्हणजे त्याच जागेचा थेट दावेदार. रंग-आकार जितका सारखा, तितका राग जास्त. पुढच्या वेळी मासे निवडताना शांत मासे आधी सोडा, हद्द राखणारा सर्वांत शेवटी.

प्रश्न : उडून गेलेल्या पाण्याच्या जागी खारं पाणी घालतो, तरी मासे सुस्त दिसतात. असं का?

उत्तर : चूक तिथेच आहे. वाफ होते ती पाण्याची, मीठ टाकीतच राहतं. १२० लिटरच्या टाकीतून रोज एक लिटर उडालं आणि तुम्ही लिटरला ३५ ग्रॅम मिठाचं पाणी घातलंत, तर आठवड्यात २४५ ग्रॅम मीठ जास्तीचं होतं. म्हणजे लिटरमागे सुमारे २ ग्रॅम वाढ, दर आठवड्याला. भर घालायची ती गोड्या आरओ पाण्याची, रोज. मिठाचं पाणी फक्त पाणी बदलताना. वाढलेली क्षारता एकदम उतरवू नका : रोज थोडं टाकीतलं पाणी काढून तेवढंच गोडं पाणी घाला आणि रिफ्रॅक्टोमीटरवर (क्षारता मोजायचं साधन) विशिष्ट गुरुत्व, म्हणजे गोड्या पाण्याच्या तुलनेतली घनता, १.०२५ येईपर्यंत दिवसाला ०.००१ पेक्षा जास्त फरक पडू देऊ नका.