चंदेरी ब्लँकेट पुरेल का?

प्रश्न : ताई, आम्ही खानापूरची पोरं पावसाळ्यात कणकुंबीच्या डोंगरात दिवसभर फिरतो. अडकलोच तर चंदेरी ब्लँकेट, म्हणजे ते आणीबाणीत पांघरायचं पातळ चकचकीत पांघरूण, पुरेल?

उत्तर : एकटं ते नाही पुरणार रे. ते अंगाची ऊब अंगाकडे परतवतं, पण आत ओला सुती शर्ट तसाच असेल तर काय उपयोग? आधी कोरडा लोकरी स्वेटर आणि कानटोपी, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून. आणि बुडाखाली काहीतरी हवंच! चोर्ल्याजवळ आमच्यातल्या एकाचा पाय मुरगळला. तासभर ओल्या जांभ्यावर बसून त्याचे ओठ निळे पडले, बोटांना शर्टाचं बटण निघेना. रिकामी सॅक खाली सरकवली, आम्हीच त्याचे कपडे बदलले, गुळाचा खडा दिला. हुडहुडी थांबायला अर्धा तास गेला. शरीराचं तापमान 35 अंशांखाली जाऊ देऊ नका.