'शेठ आज लॉजात' : एका नोंदीतला शब्द

एका ताईंनी आजोबांची रोजनिशी छापायला काढली आहे. आजोबा मुंबईत कोटात (म्हणजे फोर्टमध्ये) एका पारशी व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकून होते. १९३४ सालच्या पानांवर एक नोंद पुन्हा पुन्हा येते : 'शेठ आज लॉजात. पेढी चारलाच बंद.' ताईंचे प्रश्न तीन आहेत. शेठचा मलबार हिलला स्वतःचा बंगला होता, मग त्यांना लॉजवर कशाला जावं लागायचं? त्याच जागेला आजी 'जादूघर' म्हणायची असं वडील सांगत, आणि आजीचं माहेर झाशीचं. तर एकाच जागेला हे दोन शब्द कसे? आणि शेवटचा प्रश्न, वाचकांचा गैरसमज होऊ नये म्हणून छापताना 'लॉजात'च्या जागी 'क्लबात' किंवा 'सभेस' असं करावं का?

तिसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण छपाईची घाई आहे : ताई, कृपा करून बदलू नका. आजोबांनी अगदी नेमका शब्द लिहिलाय. नेमका म्हणजे नुसता 'लॉज' नव्हे, 'लॉजात'.

आपण लॉज'वर' उतरतो. स्टेशनवर, घाटावर, हॉटेलवर जातो तसं. जिथे पोचायचं, टेकायचं, त्या ठिकाणाला मराठी माणूस 'वर' लावतो. पण दिंडीत, फडात, संघात आपण 'आत' असतो, कारण तिथे आपण माणसांमध्ये असतो. शेठ मुक्कामाला गेले असते तर आजोबांनी 'लॉजवर' लिहिलं असतं. त्यांनी 'लॉजात' लिहिलं, म्हणजे ही माणसांची मंडळी आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ही मंडळी फ्रीमेसन नावाच्या बंधुसंघाची. त्यांच्या प्रत्येक स्थानिक शाखेला लॉज म्हणतात, आणि महिन्याच्या ठरल्या दिवशी तो भरतो. ताईंच्या पानांवर ही नोंद साधारण महिन्याने येते, तेही याच्याशी जुळतं.

आता हा शब्द राहण्याच्या जागेचा आणि मंडळीचाही कसा झाला? मुळात तो फ्रेंच 'लोज'. त्याच्याही मागे जर्मन कुळातला एक शब्द आहे, पानापाल्याशी नातं असलेला. म्हणजे लॉज हा मुळात पाल्याने शाकारलेला आडोसा. मराठीत बोलायचं तर मांडव. इंग्रजी 'लॉबी' आणि इटालियन 'लॉजिया' याच घरच्या. वर्तमानपत्रात रोज वाचतो ती 'साखर लॉबी' आणि गावातलं 'लॉजिंग-बोर्डिंग' ही सख्खी चुलत भावंडं आहेत हे कळलं, तेव्हा मला फार आनंद झाला होता.

मध्ययुगात युरोपात मोठमोठी चर्च बांधायला पिढ्या लागत. बांधकामाशेजारी पाथरवटांची एक शेड असे. तिच्यात दगड घडवायचा, हत्यारं ठेवायची, दुपारची भाकरी खायची. हाच लॉज. इंग्लंडमध्ये यॉर्कच्या चर्चच्या १३७० सालच्या नियमांत पाथरवटांनी रोज लॉजमध्ये कामावर कधी हजर व्हायचं हे लिहून ठेवलेलं आहे. पुढे शेडीचं नाव शेडीतल्या माणसांना मिळालं. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. आखाडा म्हणजे कुस्तीची लाल माती, पण नाशिकच्या कुंभमेळ्यात 'आखाडा निघाला' म्हटलं की माती निघत नाही, साधू निघतात. कोल्हापूरची तालीम जागाही आहे आणि मंडळही. तमाशाचा फड, वारकऱ्यांचा फड तसेच. लॉज या ओळीत अगदी शोभतो. म्हणूनच त्याचं लिंग कोणतं यावर कुणी अडलं तर मी पुल्लिंग सुचवेन. हॉटेलवाला 'तो लॉज' की 'ते लॉज' हे मुंबईत दोन्ही कानांवर येतं, पण मंडळीच्या अर्थी आखाडा आणि फड यांच्या पंगतीत 'लॉज भरला' हेच सहज वाटतं.

'फ्रीमेसन'चं भाषांतर मात्र जपून करावं. 'मुक्त गवंडी' असं केलेलं मी वाचलंय, आणि ते दोन्ही बाजूंनी चुकतं. 'फ्री' बद्दल अभ्यासकांत दोन मतं आहेत : कुणी म्हणतात श्रेणीचा, म्हणजे कारागिरांच्या संघाचा, बंधनमुक्त सभासद म्हणून फ्री, कुणी म्हणतात 'फ्रीस्टोन'वर काम करणारा म्हणून. फ्रीस्टोन म्हणजे बारीक, एकसारख्या दाण्याचा दगड. कुठल्याही दिशेने छिन्नी चालवा, चिरफळी उडत नाही. मला दुसरं मत जास्त पटतं. तसं असेल तर तो गवंडी नव्हेच. गवंडी विटा-चिऱ्यांची भिंत रचतो. नक्षीचा दगड घडवणारा तो पाथरवट. लंडन शहराच्या दप्तरात १३७६ साली हा शब्द येतो तेव्हा तो खऱ्याखुऱ्या कारागिरांसाठीच आहे. पुढे या मंडळींत दगडाला हात न लावलेले सरदार, वकील, व्यापारी शिरले. २४ जून १७१७ रोजी लंडनमधल्या चार लॉजांनी मिळून ग्रँड लॉज, म्हणजे लॉजांची वरची मंडळी, स्थापन केला, तोवर छिन्नी-हातोडा बराचसा प्रतीकापुरता उरला होता.

ती प्रतीकं मात्र गवंड्याच्या पिशवीतलीच. लॉजच्या प्रमुखाच्या गळ्यातल्या पट्ट्याला गुण्या (काटकोन पाहायचा) लटकतो, त्याच्या खालच्या वॉर्डनला पाणसळ (सपाटी पाहायची), त्याच्या खालच्याला ओळंबा (उभी रेघ पाहायचा). आमच्या घराचं काम चालू होतं तेव्हा गवंडीमामा कोपरा धरताना गुण्या भिंतीला टेकवत, एक डोळा मिटत आणि म्हणत, "गुण्यात नाय बसत, जरा काढ." मग वरून ओळंबा सोडायचे. दोरी थरथरायची, तो शिशाचा लोळा हेलकावे घेत थांबेपर्यंत कुणी बोलायचं नाही. त्या शांततेत मला काहीतरी गंभीर चाललंय असं वाटायचं. सरळ वागणुकीची खूण म्हणून लोकांनी हीच अवजारं का निवडली असतील हे मला तिथे समजलं. आणि 'गुण्या' हा शब्द केवढा फिरून आलाय! फारसीत तो गुनिया, त्याच्या मागे ग्रीक गोनिया, म्हणजे कोन. पॉलिगॉन आणि ट्रिगनॉमेट्रीत तोच बसलाय. साहेबाचा 'स्क्वेअर' लॅटिनच्या वाटेने गेला, आपल्या गवंड्याचा गुण्या ग्रीसहून इराणमार्गे आला. या मंडळींवर मराठीत लिहिणाऱ्याने 'काटकोनमापक' वगैरे शब्द घडवू नयेत ही माझी कळकळीची विनंती आहे. गुण्या, ओळंबा, पाणसळ हे तयार आहेत.

असाच आणखी एक फसवा शब्द म्हणजे लॉजच्या प्रमुखाचं बिरुद, 'वर्शिपफुल मास्टर'. त्याचं 'पूजनीय गुरू' केलं की वाचकाला वाटतं इथे कुणाची पूजा होते. जुन्या इंग्रजीत वर्शिप म्हणजे मान, योग्यता. इंग्लंडमध्ये नगराच्या महापौरालाही हेच विशेषण लागतं. आपल्या पत्रांच्या मायन्यातलं 'राजमान्य राजेश्री' त्याच्या सगळ्यात जवळचं. रा. रा. लिहिताना आपण कुणाला राजा करत नाही, तसंच हे.

आता मुंबई. इंग्रजांचे लॉज हिंदुस्थानात लवकर आले. कलकत्त्यात १७३० पासून, मुंबईत १७५८ पासून. पण ते साहेबांचे. मुंबईच्या माणकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांनी इथल्या लॉजात प्रवेश मागितला, तो मिळाला नाही. हे तेच माणकजी, ज्यांनी पुढे १८६३ मध्ये मुलींसाठी अलेक्झांड्रा शाळा काढली. माणूस चिकाटीचा. ते युरोपला गेले आणि पॅरिसमधल्या एका लॉजात दीक्षा घेऊन आले. परत आले तरी मुंबईचं दार बंदच. तेव्हा डॉक्टर जेम्स बर्न्स या स्कॉटिश फ्रीमेसनाने वाट काढली. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होते आणि पश्चिम हिंदुस्थानातल्या स्कॉटिश मेसनांचे प्रमुख होते. डिसेंबर १८४३ मध्ये त्यांनी एतद्देशीयांसाठी नवा लॉज काढला : 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया', स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजच्या यादीत क्रमांक ३४२. सुरुवातीला त्यात पारशी आणि मुसलमान सभासद आले. पुढे पारशी विद्वानांची मोठी रांग इथे लागली. खरशेदजी रुस्तमजी कामा इथलेच, आणि जीवनजी जमशेदजी मोदींनी मेसनांच्या प्रतीकांवर अभ्यासपूर्ण निबंध वाचले. हिंदूंना दार उघडायला आणखी वेळ लागला. फ्रीमेसन व्हायचं तर एका परमेश्वरावर श्रद्धा हवी. तेव्हा अनेक देव मानणाऱ्याला शपथ कशी द्यायची, असा वाद साहेब लोक घालत. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त यांना कित्येक वर्षं झगडल्यावर १८७२ साली प्रवेश मिळाला. विवेकानंद, तेव्हाचे नरेंद्रनाथ दत्त, १८८४ मध्ये कलकत्त्याच्याच एका लॉजात गेले तेव्हा हा रस्ता नुकता रुळत होता.

हे सगळं शब्दचर्चेत का आणलं? कारण बंद दाराने शब्द घडवले. जो आत होता तो 'लॉज' म्हणाला. जो बाहेर उभा होता त्याने आपापले शब्द काढले, आणि आजीचा 'जादूघर' त्यातलाच. रात्री दिवे लागतात, मोठमोठे लोक आत जातात, दाराशी तलवार घेतलेला राखणदार उभा (त्याला ते टायलर म्हणतात), आणि आत काय झालं ते कुणी सांगत नाही. ही जादूच. उत्तर हिंदुस्थानात मेसनांच्या इमारतीला हे नाव सर्रास होतं. लाहोरात तर म्युझियमला अजायबघर म्हणत आणि त्यामागच्या मेसनांच्या इमारतीला जादूघर. दोन्ही शेजारी शेजारी, आणि बोलणाऱ्यांचा गोंधळ होत नसे. बंगालीत मात्र जादूघर म्हणजेच म्युझियम, आजसुद्धा. आपल्याकडे म्युझियमला जुना शब्द अजबखाना. तेव्हा झाशीच्या माहेरवाशिणीने मुंबईत येऊन लॉजला जादूघर म्हणावं यात काही विपरीत नाही. झाशीतल्या मराठी घरांची बोली हिंदीच्या शेजारात वाढलेली, तिथला शब्द तिने आणला.

त्याहून मला मोहवतो तो फारसी शब्द, 'फरामोशखाना'. फरामोश म्हणजे विसर. 'एहसान-फरामोश' आपण हिंदीतून ऐकतोच. विसरण्याचं घर! हा शब्द इराणात गाजला. तेहरानमध्ये मिर्झा मल्कम खानने याच नावाची मंडळी काढली आणि १८६१ मध्ये शहाने तिच्यावर बंदी घातली. पण शब्द मूळचा आपल्या बाजूचा. हैदराबादेत राहिलेला शूश्तरी नावाचा इराणी लेखक एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला लिहितो की हिंदुस्थानातले फारसी बोलणारे या मंडळींना फरामोशीवाले म्हणतात, कारण काही विचारलं तर त्यांना काही आठवत नाही. खरं तर 'फ्रीमेसन' हा उच्चार तोंडात घोळता घोळता फरामुशन झाला, आणि मग त्यात अर्थ सापडला. पहारेकऱ्याच्या 'हू कम्स देअर'चं 'हुकुमदार' झालं, तीच ही लोकव्युत्पत्ती. फरक एवढाच की इथे सापडलेला अर्थ मूळ शब्दापेक्षा जास्त खोल आहे.

एक सावधगिरी. या फरामोशीवरून पारशांच्या 'फ्रामजी' नावाकडे उडी मारू नये. कोटात पारशी मेसन भरपूर, म्हणून तसा मोह होतो. फ्रामजी, फ्रामरोझ ही नावं शाहनामा या फारसी महाकाव्यातल्या रुस्तुमाच्या मुलावरून, फरामर्झवरून आली; विसरण्याशी त्यांचा संबंध नाही. दुसरी सावधगिरी : जुन्या मुंबईत 'लॉज' दिसला की तो मेसनांचाच असं धरू नये. थिऑसफिकल सोसायटी या अध्यात्मविचाराच्या संस्थेच्या शाखांनाही लॉज म्हणतात. फ्रेंच ब्रिजजवळचा ब्लाव्हट्स्की लॉज थिऑसफीवाल्यांचा आहे. ताई, शेठ नेमके कुठल्या लॉजात जात हे ठरवायचं तर रोजनिशीत जागेचा उल्लेख शोधा. थिऑसफीची सभा असती तर पुष्कळदा ती सर्वांना खुली असे, आणि तिला आजीने जादूघर म्हटलं नसतं. आजीचा शब्द इथे आपल्याला साक्षीला उपयोगी पडतो.

छापताना नोंद आहे तशी ठेवा आणि पहिल्या ठिकाणी तळटीप द्या : 'लॉज – फ्रीमेसन या बंधुसंघाची स्थानिक मंडळी व तिची बैठक; निवासाचा लॉज नव्हे. घरात या जागेला जादूघर म्हणत.' 'क्लबात' केलंत तर शेठ पत्ते खेळायला गेले असं वाचकाला वाटेल, 'सभेस' केलंत तर भाषण ऐकायला. आजोबा स्वतः आत कधी गेले नसतील. पण चार वाजता पेढीला कुलूप लावताना आपले मालक माणसांच्या कोणत्या वर्तुळात चालले आहेत हे त्यांना कळत होतं, आणि ते त्यांनी एका 'त' प्रत्ययात लिहून ठेवलंय.