वाचकांचे प्रश्न : हिरवाच राहिलेला पॉइन्सेटिया आणि गच्चीवरचे राजकारण

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या गच्चीवर आम्ही दहा-बारा जण कुंड्यांतली बाग करतो. रविवारी सकाळी पाणी घालून झाले की चहाचा थर्मास उघडतो आणि गप्पा रंगतात. गेले दोन आठवडे मात्र महापालिकेच्या निवडणुकीवरून भांडणे होत आहेत. गणपतीनंतर शेजारच्या मैदानात हायमास्ट (उंच खांबावरचा) दिवा लागला, तो नेमका कोणाच्या प्रयत्नाने लागला, हा वादाचा मुख्य मुद्दा. शेवटी सेक्रेटरींनी जिन्याच्या दारावर ‘गच्चीवर राजकारण बोलू नये’ अशी पाटी लावली. त्यात भर म्हणजे, शेजारच्या ईस्ट इंडियन (मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती समाजातल्या) काकूंना दर नाताळात मी पॉइन्सेटियाची, म्हणजे नाताळात लाल होणाऱ्या झाडाची, कुंडी देते, ती यंदा हिरवीगार आहे. पाच कुंड्यांपैकी टाकीमागची तेवढी लाल होऊ लागली आहे. पाटी योग्य आहे का, आणि कुंड्यांचे काय करू?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : आपण दोन प्रश्न विचारले आहेत, पण दोन्हींच्या मुळाशी तो एकच दिवा असावा असे दिसते.

पॉइन्सेटियाचा लाल भाग म्हणजे फूल नव्हे. ती फुलोऱ्याभोवतीची पाने असतात आणि खरी फुले म्हणजे मधोमध दिसणारे पिवळसर, मुगाएवढे दाणे. ही पाने लाल व्हायची, तर झाडाला सलग आठ ते दहा आठवडे रोज बारा ते चौदा तासांचा अखंड अंधार मिळावा लागतो. मुंबईत ऑक्टोबरपासून रात्र दिवसाहून मोठी होत जाते आणि डिसेंबरात ती सुमारे तेरा तासांची होते. एरवी उघड्या गच्चीवर झाडाचे तेवढ्यावर भागते, म्हणून आजवर आपल्याला काही वेगळे करावे लागले नाही. यंदा मात्र हायमास्टचा उजेड रात्रभर कुंड्यांवर पडतो आहे, त्यामुळे रात्र झाली हेच झाडाला कळत नाही. टाकीच्या आडोशाला असलेल्या कुंडीला अंधार मिळाला आणि ती रंगली.

आता संध्याकाळी पाच वाजता कुंडीवर पुठ्ठ्याचे खोके पालथे घालून सकाळी सातला काढण्याचा नेम धरलात तरी रंग फेब्रुवारीच्या आसपास येईल, २५ डिसेंबरला नव्हे. म्हणून काकूंना टाकीमागचीच कुंडी द्यावी, हे उत्तम. बाकीच्या चार कुंड्या दिव्याच्या झोतातून हलवाव्यात, रंग उतरला की मार्चमध्ये फांद्या छाटाव्यात आणि शेंडे खुडायचे ते सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच. छाटताना जो पांढरा चीक निघतो त्याने काहींच्या कातडीला खाज सुटते, तेव्हा हातमोजे घालावेत. काकूंकडून नेवऱ्यांचे, म्हणजे करंज्यांचे, ताट येतच असेल. त्या ताटाची परतफेड खत घालून वाढवलेल्या कुंडीनेच शोभते, बाजारातून आणलेल्या कुंडीने तितकी नाही, असे माझे मत आहे.

राहिली पाटी. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि तेव्हापासून पावणेचार वर्षे या शहरात नगरसेवकच नव्हते, कारभार प्रशासकाकडे होता. मग १५ जानेवारी २०२६ ला २२७ प्रभागांत मतदान ठरले. एवढ्या खंडानंतर माणसे चहा पिताना निवडणुकीवर बोलणार नाहीत, अशी अपेक्षा करणेच चुकीचे आहे. गच्ची सामाईक असल्याने तिथे पक्षाचा फलक लावायचा किंवा उमेदवाराची सभा घ्यायची असेल, तर सोसायटीने ठरवावे. मात्र सभासद आपसात काय बोलतात, त्यासाठी पाटी लावणे मला पटत नाही. सेक्रेटरींचा हेतू वाईट नसावा, त्यांना बहुधा दर रविवारी दोन्ही बाजूंचे फोन येत असतील.

माझी सूचना अशी की, दिवा कोणी आणला हा वाद सोडून त्या दिव्याची दिशा कोणी बदलून देईल, हे विचारावे. हायमास्टचा झोत मैदानाकडे खाली वळवता येतो, आणि तसा अर्ज वॉर्ड ऑफिसात सोसायटीच्या लेटरहेडवर देता येतो. मते मागायला जो उमेदवार येईल, त्याच्यासमोर हीच कुंडी ठेवा. मैदानात खेळणाऱ्या मुलांना उजेड हवा आणि आपल्या झाडांना अंधार हवा, या दोन्ही गोष्टी सांभाळणे हेच नगरसेवकाचे काम असते. योगायोगाने या झाडाचे इंग्रजी नावही एका राजकारण्यावरून पडले आहे. जोएल पॉइन्सेट हे मेक्सिकोतील अमेरिकेचे पहिले राजदूत. त्यांनी तिथल्या राजकारणात इतकी लुडबुड केली की, १८२९ मध्ये मेक्सिको सरकारने त्यांना परत बोलावून घेण्याची मागणी केली. झाड मूळचे मेक्सिकोचेच, आणि तिथे त्याला ‘नोचेबुएना’, म्हणजे नाताळची पूर्वसंध्या, हे नाव आहे. आपल्या गच्चीवरच्या दोन्ही गटांना हा किस्सा ऐकवावा.

प्रश्न : एका इच्छुक उमेदवाराच्या कार्यकर्त्यांनी आमच्या बागेसाठी लाल मातीच्या वीस पिशव्या फुकट देऊ केल्या आहेत. घ्याव्यात का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : घेऊ नयेत. मतासाठी वस्तू देणे आणि घेणे हे दोन्ही गुन्हे आहेत, मग ती पैठणी असो की माती. शिवाय फुकटची माती कित्येकदा एखाद्या इमारतीच्या पायाच्या खोदाईतली निघते आणि तिच्यात बांधकामाचा राडारोडा असतो. विकतची घेतानाही मूठभर माती ओली करून दाबून पाहावी. मूठ उघडल्यावर गोळा बोटाच्या टिचकीने फुटला तर ती घ्यावी, आणि तसाच घट्ट राहिला तर तिच्यात निम्मे शेणखत व कोकोपीट मिसळण्याची तयारी ठेवावी.